तळ्यातले कुमुद

आमचे गाव हिंगोलीपासून फार दूर नाही. हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. माझ्या बालपणी आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत असू. गावाबाहेर एक लहानसे तळे होते. पावसाळा सरत आला की ते पांढऱ्या फुलांनी भरून जाई.

त्या फुलांना सारा गाव कमळेच म्हणे. मीही म्हणत असे. पुढे शाळेत गुरुजींनी माझी चूक दाखवून दिली. कमळाचे पान वाटोळे व अखंड असते, देठ त्याच्या मधोमध जडलेला असतो, आणि मोठे झालेले पान छत्रीसारखे पाण्याच्या वर उभे राहते. आमच्या तळ्यातली पाने मात्र पाण्यावर पहुडलेली, दातेरी कडांची आणि देठापाशी खोल चीर असलेली होती. पान पालथे करून बोट फिरवले की मऊ लव लागे. या लवेवरूनच शास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीला ‘निम्फिया प्युबेसेन्स’ हे नाव दिले आहे. आपले जुने नाव कुमुद. कमळ आणि कुमुद दिसायला भावंडे; पण त्यांची कुळे दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीच वेगळी झाली, असे आता वनस्पतिशास्त्र सांगते.

कुमुद चंद्राला पाहून उमलते, असे कवी म्हणत आले. म्हणून तर चंद्राला कुमुदनाथ म्हणतात. मला ते खरे वाटेना. एका अमावास्येला मी कंदील घेऊन तळ्यावर गेलो. आकाशात चंद्र नव्हता, तरी फुले पूर्ण उमललेली होती! अंधार पडू लागला की ती उघडतात आणि सकाळी ऊन चढले की मिटतात. चंद्र असो वा नसो, त्यांचे काही अडत नाही.

१९७२ साली पावसाने पाठ फिरवली. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. हिवाळा संपण्यापूर्वीच तळे आटले, चिखलाला भेगा पडल्या आणि पानांचा मागमूस उरला नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. आमच्याकडे तळ्यातला गाळ उपसण्याचे काम निघाले. आई डोक्यावर पाटी घेऊन त्या कामावर जाई. घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी असे. ती घशाखाली उतरत नसे, पण तक्रार कोणाकडे करणार?

एके दिवशी उपसलेल्या गाळात मला लिंबाएवढे काळे कंद सापडले. सदऱ्याच्या ओच्यात घालून मी ते घरी आणले. “आजी, कमळं मेली गं,” मी म्हणालो. तिने एक कंद नखाने खरवडला. आत पांढरा गर होता. “लेकरा, मेलं न्हाई ते, निजलंय,” ती म्हणाली. आणि लगेच चुलीवर पातेले ठेवले. उकडलेल्या कंदाची ती पिठूळ चव मला आजही आठवते. पातेल्यात दुसऱ्यांदा कंद पडू लागले, तेव्हा मात्र मला राहवेना. “सगळेच उकडलेस तर तळ्यात काय उरेल?” आजी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने तीन कंद बाजूला काढून माझ्या हातावर ठेवले. न उपसलेल्या कोपऱ्यात मी ते पुरून आलो. त्या रात्री भुकेने मला नीट झोप लागली नाही, हेही सांगितले पाहिजे.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. तळे भरले. काही आठवड्यांनी पाण्यावर पहिले पान दिसले, आणि दसऱ्याच्या सुमारास फुले आली.

ती माझ्याच कंदांची होती काय? वर्षानुवर्षे मी तसेच मानीत आलो. पुढे कुमुदाच्या बियांविषयी वाचले आणि मनात शंका शिरली. फुलांचे दिवस सरले की देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली जाऊन तेथेच पिकते. ते फुटले की बारीक बिया वर येतात. प्रत्येक बीला हवा धरून ठेवणारे फुगीर वेष्टन असते. त्याच्या आधाराने ती काही काळ तरंगते, आणि वेष्टन कुजले की दूर कोठेतरी तळाशी बसते. अशा कितीतरी बिया त्या गाळात राहिल्या असतील.

आजीला असल्या शंका नव्हत्या. फुले आल्याचे कळताच ती भल्या पहाटे काठी टेकीत तळ्यावर आली. “एक तोडून देऊ का?” मी विचारले. “राहू दे,” ती म्हणाली, आणि फुले मिटेपर्यंत काठावर बसून राहिली.