आधी गोष्ट, मग गणित

भंडारा जिल्ह्यातील आमच्या घरांत सायंकाळी मुले अभ्यासाला बसली की शाब्दिक उदाहरणांपाशी हमखास अडतात. बेरीज-वजाबाकी त्यांना येते. अडते ते वाक्य. घरात झाडीबोली, पुस्तकात प्रमाण मराठी.

हे उदाहरण पाहा : राजूजवळ 12 शिंगाडे आहेत. ते मीनाच्या शिंगाड्यांपेक्षा 5 ने अधिक आहेत. मीनाजवळ किती? 'अधिक' शब्द दिसताच मूल 17 लिहून मोकळे होते. 'अधिक म्हणजे बेरीज' ही युक्ती येथे दगा देते. मीनाजवळ 7 च आहेत.

म्हणून आम्ही लेकरांना प्रथम पेन्सिल खाली ठेवावयास सांगतो. गोष्ट आपल्या बोलीत सांग, जास्त कोणाजवळ ते ओळख, मग चिंचोके मांड. आकडेमोड शेवटी. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनीही 1945 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रश्न समजून घेणे हीच पहिली पायरी मानली आहे.

उत्तर चुकले की 'ढ' म्हणणे सोपे. पण तो शब्द कोवळ्या मनात खोल रुततो. पालकहो, तो उच्चारण्यापूर्वी लेकराला प्रश्न काय समजला, एवढे तरी विचारू या.