गाडींतला आवाज आणि घरांतलें बोलणें

आवाज मोठा असणें आणि तो स्पष्ट असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत, हें ज्यानें सारें आयुष्य वर्गांत घालविलें त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. जो मास्तर ओरडतो त्याच्या वर्गांत गोंगाट अधिक. जो हळू पण ठाशीव बोलतो त्याचा शब्द शेवटच्या बांकापर्यंत पोंचतो. हेंच तत्त्व मोटारगाडीस लागू पडतें, व गाडींतून तें पुनः घरांत येऊन पोंचतें, ही गंमत मात्र मला उतारवयांत पुतण्यामुळें पाहावयास मिळाली.

आमचें एकत्र कुटुंब बुलढाण्यास राहतें. शेती चिखलीच्या बाजूस आहे. तिकडील काळी माती पावसाळ्यांत चाक अशी धरून ठेवते कीं साधी मोटार सडकेवर सोडून पायींच शेत गांठावें लागे. म्हणून पुतण्यानें चारही चाकांना इंजिनाची शक्ति पुरविणारी जीपवजा गाडी घेतली. ही जात मूळची लष्करी. विलीस कंपनीची जीप १९४१ पासून महायुद्धांत धांवूं लागली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें ती मुंबईस जुळविण्यास आरंभ केला. चिखल आणि चढ यांसाठीं जन्मलेल्या या वाहनांत गायनाची सोय पाहणारा कोण होता? मोटारींत रेडिओ बसविण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. अमेरिकेंतील गॅल्विन बंधूंनीं १९३० सालीं तसा रेडिओ काढून त्यास 'मोटोरोला' हें नांव दिलें होतें.

गेल्या वर्षीं पुतण्यानें प्रस्ताव मांडला कीं, गाडींतील ध्वनियंत्रणा बदलावयाची. घरांत दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, "एवढे पैसे गाडीच्या तोंडाला घालण्यापेक्षां यांच्या कानाला घाला." हें बोलणें सर्वांच्याच जिव्हारीं लागलें, कारण माझे वडील बंधु दादा यांना ऐकूं येईनासें झालें होतें, आणि यंत्राचें नांव काढलें कीं ते म्हणत, "माझें आतां काय ऐकावयाचें राहिलें आहे?"

एकत्र कुटुंबांत बहिरेपणा म्हणजे माणसांनीं भरलेल्या घरांतील एकांतवास. पंगतींत हास्याची लाट उठे. दादा क्षणभर उशिरां हंसत, तेंहि आमच्या तोंडाकडे पाहून. पुढें पुढें तर, भूक लवकर लागते असें सांगून, ते पंगतीच्या आधींच जेवूं लागले.

पुतण्या माझा पाठिंबा मागावयास आला तेव्हां मीं त्याची तोंडी परीक्षाच घेतली. तो म्हणाला, "काका, आवाज वाढवायचा नाहींच. आधीं गाडीला गप्प करायचें, मग बोलकें." उत्तर मला पसंत पडलें, आणि काम पाहावयास मी स्वतः कारागिराकडे गेलों.

दारें उघडल्यावर दिसलें कीं आंत पातळ पत्रा आणि पोकळी. इंजिनाच्या व टायरांच्या घरघरीबरोबर तो पत्राहि थरथरतो. कारागिरानें त्यावर ब्यूटिल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेले तक्ते दाबून बसविले आणि दाराच्या आंतील भोंकें बुजविलीं. स्पीकरचा पडदा पुढें ढकलला जातो तेव्हां मागची हवा विरळ होते. ही पुढची व मागची लहर भोंकांतून एकत्र आली तर खर्जाचे सूर परस्परांस मारून टाकतात. नंतर उंच सुरांसाठीं निराळा लहान स्पीकर कानाच्या पातळीजवळ बसविला. शेवटीं अँप्लिफायर, त्याची तार थेट बॅटरीपासून आणली आणि फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ ठेवला, कीं तार कोठें घांसली तरी आग लागूं नये. "शक्ति दुप्पट केली तर काय होईल?" मीं विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, फक्त तीन डेसिबल वाढतील. कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ति लागते." पैशापेक्षां शांततेनें अधिक काम होतें, याचा एवढा चोख हिशेब मीं पूर्वीं पाहिला नव्हता.

पुढें एकदां दादांना घेऊन आम्ही शेतावर निघालों. भीमसेन जोशी यांचा अभंग लागला होता, तोहि मध्यम आवाजांत. बऱ्याच वेळानें दादा म्हणाले, "शब्द येताहेत." इतकेंच.

या दोन शब्दांचा उलगडा संस्कृतच्या विद्यार्थ्यास सहज व्हावा. आपले वैयाकरण स्वरांना स्वयंप्रकाशी मानतात; व्यंजन मात्र स्वराच्या आश्रयानें उभें राहतें. तरीहि 'व्यंजन' याचा अर्थ व्यक्त करणारें असाच आहे. वार्धक्यांत कान प्रथम उंच सूर गमावतो. स्वरांचें बरेंचसें बळ खालच्या सुरांत असतें. 'स'काराचें बळ सेकंदास चार हजार कंपनांच्याहि वर असतें. म्हणून वृद्धास कोणी बोलत आहे हें कळतें, काय बोलत आहे हें कळत नाहीं. त्यांतच खालच्या सुरांची घरघर वरचे सूर झांकून टाकते. गाडी गप्प झाली, आणि दादांना व्यंजनें परत मिळालीं.

त्यानंतर कानाच्या डॉक्टरांकडे जाण्यास ते आपणहून कबूल झाले. डॉक्टरांच्या आलेखावरील रेषा खालच्या सुरांपाशीं ठीक होती व उंच सुरांकडे घाटाप्रमाणें उतरत गेली होती. यंत्र जेथें रेषा उतरते तेथेंच हात देतें. आरंभीं दादांना भांड्यांचा खणखणाट असह्य झाला. हळूहळू तें अंगवळणीं पडलें. पण चौघे एकदम बोलूं लागले कीं यंत्रहि हतबल होतें. तेव्हां कारागिराचा धडा आम्हीं घरास लावला: जेवतांना दूरदर्शन बंद, एकानें बोलावयाचें, आणि दादांकडे तोंड करून बोलावयाचें. ओरडावयाचें नाहीं, ओरडण्यानें स्वर फुगतात, व्यंजनें तेथेंच राहतात.

तरुण वाचकांसाठीं आणखी एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास निर्धोकपणें ऐकतां येतो. ९० डेसिबलचा केवळ ४ तास. कानाच्या आंतील सूक्ष्म रोमपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. पुतण्याकडून मीं दोन वचनें घेतलीं आहेत: गाडीचें गाणें गाडीबाहेर जाऊं नये, आणि राजूर घाटांत किंवा ज्ञानगंगा अभयारण्यांतून जाणाऱ्या बोथ्याच्या रस्त्यावर तें बंद असावें. घाटांत समोरचा भोंगा ऐकूं आला पाहिजे. आणि अरण्य तर अस्वलांचें घर आहे, आपण तेथें पाहुणे.

ज्यांच्या घरीं कोणी वडीलधारें माणूस हल्लीं फारसें बोलत नाहीं, त्यांनीं तें विरक्त झालें असें समजण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्यावेत. दादा अजूनहि पंगतींत कधींकधीं उशिरां हंसतात, पण आतां ते "काय म्हणालास?" असें विचारतात, आणि पुतण्यास तो विनोद पुन्हां पहिल्यापासून सांगावा लागतो.