मतदार यादीची भाषा

माझ्या आजीने १९५२ साली पहिले मतदान केले, तेव्हा आमचे कल्याण हैदराबाद राज्यात होते. कल्याण आणि निलंगा एकाच बिदर जिल्ह्यात होते. आजीला कोणतीच लिपी येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. चिन्ह पाहून तिने मतपत्रिका आत टाकली.

हा हक्क तिला सहजासहजी मिळालेला नव्हता. निजामी राजवटीतील सुधारणांनी विधिमंडळाच्या जागा जागीरदार, पट्टेदार, सावकार अशा हितसंबंधांत वाटल्या होत्या. (त्यात वकिलांचाही गट होता, आमच्या व्यवसायाने त्याचा अभिमान बाळगू नये.) पोलीस ॲक्शननंतर हैदराबादची स्वतंत्र घटना समिती भरवण्याचा विचार होता. परंतु नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या फर्मानाने भारताची राज्यघटनाच या संस्थानासाठी स्वीकारली गेली आणि अनुच्छेद ३२६ आमच्या गावी आला. मत नाकारण्याची जी कारणे तो मोजतो, त्यांत अनिवास, मनोविकलता, गुन्हा आणि भ्रष्ट वा बेकायदेशीर आचार आहेत. निरक्षरता नाही, भाषाही नाही. पुढे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, म्हणून १९८९ मध्ये मी एकोणिसाव्या वर्षी मत देऊ शकलो.

माझी आई निलंग्याची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तिचे माहेर मुंबई राज्यात गेले, सासर म्हैसूरमध्ये राहिले. ती मराठी सातवी शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी. काही वर्षांपूर्वी तिच्या नावाने नाव वगळण्याबाबतची कन्नड नोटीस आली. वीजबिलासारखा काही कागद असेल, असे समजून तिने तो पत्र्याच्या पेटीत ठेवला. मी त्या दिवसांत उच्च न्यायालयाच्या कामात अडकलो होतो. मतदानाच्या दिवशी यादीत तिचे नाव नव्हते. निरक्षर सासूने दिलेले मत साक्षर सुनेला देता आले नाही.

कायदा सांगतो की नाव वगळण्यापूर्वी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. वाचता न येणाऱ्या कागदाने कोणती संधी मिळते? अनुच्छेद ३५० नुसार आपण आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू शकतो. अधिकाऱ्याने आपल्याला कोणत्या भाषेत कळवावे, याविषयी मात्र तो अनुच्छेद गप्प आहे.

आपले अनेक कार्यकर्ते यासाठी घटनादुरुस्ती मागतात. मला ती मागणी चुकीच्या दारावरची वाटते. मतदार नोंदणी नियम, १९६० मधील चौथा नियम यादी आयोग सांगेल त्या भाषेत किंवा भाषांत करायला सांगतो. अनेकवचन तिथे आधीच आहे. मतदारसंघनिहाय लोकसंख्येचे आकडे जोडून अर्ज करावा, नोटीसही त्याच भाषांत मागावी. काम कंटाळवाणे आहे, सभेत टाळ्या मिळत नाहीत.

आईचा नमुना ६ मी स्वतः भरला. सहीच्या जागी पेन थांबवून तिने विचारले, “मराठीत केली तर चालंल का रे?”