गाड्यावर नाव

'कधी नावेवर गाडा, तर कधी गाड्यावर नाव' ही म्हण ज्याने कोणी केली, त्याने कस्टमची कचेरी पाहिलेली नसावी. पाहिली असती तर म्हण इतकी सुटसुटीत राहिली नसती. 'कधी नावेवर गाडा, तर कधी गाड्यावर नाव. मूळ विक्रीपत्र सोबत जोडावे, गाड्यासाठी वेगळा फॉर्म भरावा' अशी काहीतरी झाली असती आणि शाळेतल्या पोरांनी ती परीक्षेत ऑप्शनला टाकली असती.

या म्हणीचा पहिला अर्धा भाग मी कोकणात अनुभवलेला आहे. दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीवर मोटार चढवतात आणि मोटारीत बसल्या बसल्या आपण खाडी ओलांडतो. त्याला फक्त तिकीट लागतं. दुसरा अर्धा भाग पाहायला मात्र मला थेट कॅनडापर्यंत जावं लागलं. आणि त्याला तिकीट सोडून बाकी सगळं लागतं.

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे ऑन्टारिओत मुक्कामाला होतो. या प्रांतात सुमारे अडीच लाख तळी आहेत. भोवती इतकं पाणी असलं की माणसाला काहीतरी होतंच. आपल्याकडे अंगणात चार बोटं पाणी साचलं, तर पोरं कागदाच्या होड्या सोडतात. तिथे मोठी माणसं अॅल्युमिनियमच्या सोडतात, इतकाच फरक. आमचे जावईबापू बारा वर्षं या साथीपासून दूर राहिले होते. त्या वर्षी मात्र त्यांना लागण झाली.

"बाबा, मिशिगनमध्ये एक होडी मिळतेय," ते एका संध्याकाळी म्हणाले. "सतरा फुटी, २००२ सालची. मागे मोटर, खाली ट्रेलर. सगळं मिळून सहा हजार अमेरिकन डॉलर."

"तुम्हाला पोहता येतं का?" आमच्या सौ.नी भाजी निवडता निवडता विचारलं.

"जॅकेट असतं ना, आई."

"पुण्यात स्वेटरला जॅकेट म्हणतात," ही माझ्याकडे बघून म्हणाली. त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून होडी घ्यायची ठरली.

मी छत्तीस वर्षं बँकेच्या कर्जखात्यात काढली. वस्तूकडे न पाहता आधी तिचे कागद पाहायचे ही सवय हाडात मुरलेली. लोक होडीची लांबी, रंग, वेग पाहतात. मी विचारलं, "टायटल क्लिअर आहे का? कर्जाचा बोजा?" जावयांनी सगळी चौकशी आधीच केलेली निघाली. होडी वीस फुटांच्या आतली आणि मोटर मागे अडकवलेली, म्हणून मिशिगनमध्ये तिला मालकीचं वेगळं सर्टिफिकेट लागत नाही. नोंदणीचा कागद आणि विक्रीपत्र पुरतं. माझा जावयांबद्दलचा आदर त्या दिवशी दुणावला. शनिवारी सकाळी त्यांनी मला सोबत घेतलं. सल्ल्यासाठी घेतलं असा माझा समज आहे. बरोबर माणूस असलेला बरा म्हणून घेतलं, असं लेकीचं म्हणणं आहे.

निघण्याआधी एका हितचिंतकांचा फोन आला. हे मूळचे मुलुंडचे. परदेशात असा एक मुलुंडचा हितचिंतक प्रत्येकाला असतोच. ते म्हणाले, "विक्रीपत्रावर दोन हजारच लिहून घ्या. सगळे तेच करतात. सीमेवर टॅक्स कमी पडतो."

मी मनात हिशेब मांडला. तेव्हा एका अमेरिकन डॉलरला कॅनडाचे सुमारे १ डॉलर ३० सेंट पडत. सहा हजारांचे झाले ७,८०० आणि त्यावर ऑन्टारिओचा १३ टक्के विक्रीकर १,०१४ डॉलर. दोन हजारच लिहिले, तर कर ३३८. म्हणजे शाईच्या एका फटकाऱ्यात ६७६ डॉलर वाचणार! फ्लॅटच्या व्यवहारात कागदावरचा आकडा आणि पिशवीतला आकडा वेगळे असतात, हे पाहत आमची पिढी म्हातारी झाली. त्यावर उतारा म्हणून आपल्या सरकारने रेडी रेकनर काढला. तिथल्या कस्टमवाल्यांनाही जुन्या होड्यांचे भाव शोधता येतात आणि खोटी किंमत सांगितली तर माल जप्त होऊ शकतो. पण ६७६ हा आकडा कानात गुणगुणत राहिला. डासासारखा.

होडीचे मालक ऐंशीच्या घरातले एक उंच, वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी होडी धुऊनपुसून अंगणात अशी उभी केली होती, की आम्ही होडी न्यायला आलोत की मुलगी बघायला, असा प्रश्न पडावा. कांदेपोहे तेवढे नव्हते. कॉफी होती. होडीच्या मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत एक बाईचं नाव लिहिलेलं होतं. "माझी बायको," म्हातारबुवा म्हणाले. "दोन वर्षं झाली तिला जाऊन."

इंग्रज माणूस होडीला 'ती' म्हणतो. आपल्याकडे होडी, नाव, नौका, सगळ्या स्त्रीलिंगीच. त्यामुळे बुवा होडीबद्दल बोलताहेत की बायकोबद्दल, हे मला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. "थंडीत ती सकाळी कुरकुरते," ते म्हणाले. "घाई करायची नाही. एकदा सुरू झाली की मग दिवसभर थांबत नाही." मी अनुभवाने मान डोलावली.

मग त्यांनी ट्रेलर दाखवला. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची वाटी बसते. वाटी निसटलीच तर आधार म्हणून खालून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या. दिव्यांची वायर जोडायची. हे सगळं त्यांनी जावयांकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा त्याची गरज नव्हती. त्यांना वेळ काढायचा होता.

शेवटी विक्रीपत्र टेबलावर आलं. आकड्याची जागा कोरी होती. "काय लिहू?" बुवांनी विचारलं. जावयांनी माझ्याकडे पाहिलं आणि आमचं मराठीत थोडं कुजबुजणं झालं. कुजबुजण्याला भाषा लागत नाही, ते जगात सगळ्यांना कळतं. बुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लोक कमी लिहा म्हणतात, मला ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण ती दोन हजारांची आहे असं माझ्या हाताने मी लिहिणार नाही."

आणि त्यांनी आधी अंकांत आणि मग अक्षरांत सहा हजार लिहिलं. छत्तीस वर्षांत मी खोट्या आकड्यांचे कागद पुष्कळ पाहिले. कर चुकवायचा म्हणून किंमत कमी लिहिणारे पाहिले, कर्ज मिळावं म्हणून जास्त लिहिणारे पाहिले. किंमत कमी लिहिली तर कोणाचा तरी अपमान होईल म्हणून खरी लिहिणारा माणूस हा पहिलाच. कानातला डास गप्प झाला.

परतीची वाट ब्लू वॉटर ब्रिजवरून. एका तीराला मिशिगनचं पोर्ट ह्युरॉन, दुसऱ्या तीराला ऑन्टारिओचं सार्निया, मधून सेंट क्लेअर नदी. पहिला पूल १९३८ चा, दुसरा त्याच्या शेजारी १९९७ मध्ये बांधलेला. नदीची रुंदी अर्धा मैलसुद्धा नाही. होडी पाण्यातून आली असती तर दहा मिनिटांचं काम. कॅनडाच्या ठरलेल्या धक्क्याला लागायचं आणि कस्टमला फोन करून वर्दी द्यायची, अशी खाजगी होड्यांसाठी सोय आहे. कर तेव्हाही चुकत नाही म्हणा. पण होडीखाली चाकं आली की ती एक वस्तू राहत नाही. तिच्या दोन होतात.

कस्टमची अधिकारी तरुण, हसतमुख बाई होती. तिने माझा पासपोर्ट, व्हिसा पाहिला, किती दिवस राहणार विचारलं आणि मला एका मिनिटात मोकळं केलं. होडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातला बारा अक्षरी नंबर विक्रीपत्राशी ताडून पाहिला. होडी अमेरिकेतच बनलेली, म्हणून १९९४ पासूनच्या नाफ्टा कराराखाली आयातशुल्क माफ. (त्या कराराची जागा २०२० मध्ये दुसऱ्या कराराने घेतली.) मला वाटलं, सुटलो.

"आता ट्रेलर," बाई म्हणाली.

आपल्याकडे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होते. इथे सगळी यात्रा नळ्याचीच होती. कारण कॅनडाच्या कायद्याने ट्रेलर हे वाहन ठरतं आणि वाहन म्हटलं की सुरक्षेचे नियम आले. ट्रेलरवर कारखान्याची पट्टी हवी, तिच्यावर बनवल्याची तारीख, सतरा अक्षरी नंबर, किती वजन पेलतो ते आणि नियम पाळल्याचं वचन हवं. होडीत बसून माणसं बुडू शकतात, तिच्याबद्दल चार प्रश्न. चार पैशांच्या लोखंडी सांगाड्याची मात्र कुंडली!

"पंधरा वर्षांहून जुना असता तर हे नियम लागू नव्हते," बाई सहानुभूतीने म्हणाली. ट्रेलर चौदा वर्षांचा होता. मी आयुष्यात प्रथमच एखादी वस्तू पुरेशी जुनी नाही म्हणून हळहळणारा माणूस पाहिला, तो आमचा जावई. मला एका मिनिटात का सोडलं त्याचाही तेव्हाच उलगडा झाला. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. सुरक्षेचे कुठलेच नियम मला लागू नव्हते.

पट्टी चिखलाखाली होती. जावई पांढरा शर्ट घालून सीमेवर उताणे झोपले आणि रुमालाने ट्रेलरचं पोट पुसू लागले. अखेर एकेक अक्षर उजळलं आणि बाईने फॉर्म पुढे केला.

मग विषय शिंपल्यांचा निघाला. "होडी धुतली आहे का? आत पाणी?" झेब्रा शिंपले म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे नखाएवढे, पट्टेरी चुलतभाऊ. पण आमटीच्या उपयोगाचे नाहीत. जहाजांचा तोल राखायला तळात पाणी भरतात, त्या पाण्यातून ते युरोपातून आले आणि १९८८ मध्ये याच नदीच्या खालच्या सेंट क्लेअर सरोवरात प्रथम सापडले. तेव्हापासून पाण्याचे नळ तुंबवतात आणि होड्यांना चिकटून तळ्यातळ्यांतून हिंडतात. २०२२ पासून तर ऑन्टारिओत रस्त्यावरून होडी नेण्याआधी तळाचं बूच काढून पाणी निथळवणं कायद्यानेच सक्तीचं झालं. मला राहून राहून वाटलं, या शिंपल्यांकडे ना पासपोर्ट, ना विक्रीपत्र, ना कारखान्याची पट्टी. सगळा खंड फिरून आले, पण त्यांना कोणी अडवलं नाही! बुवांनी अंगणात धुतलेली होडी मात्र बाईने आतून हात फिरवून पाहिली आणि म्हणाली, "फार जपलीय हो कोणीतरी."

जावयांनी १,०१४ डॉलर भरले. किंमत तपासायला बाईने कुठलंही पुस्तक उघडलं नाही. अडीच तासांनी आम्ही ऑन्टारिओत शिरलो.

पुढचं काम परवान्याचं. दहा अश्वशक्तीच्या वरची मोटर असली की कॅनडात होडीला परवान्याचा नंबर लागतो, तोही पुढच्या दोन्ही अंगांना, निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत. मिशिगनचा 'एमसी'ने सुरू होणारा नंबर जावयांनी खरवडून काढला. खरवडणं हातात होतंच, तेव्हा त्यांनी मागच्या निळ्या अक्षरांकडे मोर्चा वळवला. "आता आपल्या होडीला नवीन नाव शोधू या. आई, तुम्ही सुचवा."

आमच्या सौ.चं माहेरचं नाव वेगळं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं, जमलेल्या मंडळींना पेढे मिळाले आणि जुन्या नावाने तिला हाक मारणारी माणसं हळूहळू संपत गेली. याबद्दल ती कधी बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. फक्त म्हणाली, "परवान्याला होडीचं नाव लागतं का?"

"नाही. नंबर लागतो."

"मग राहू दे ते. सासर बदललं म्हणून नाव बदलायलाच हवं, असं कुठं आहे?"

जावयांनी खरवडणी खाली ठेवली. नंबर बदलला, मालक बदलला, देश बदलला. नाव तेवढी त्याच नावाची राहिली. लेकीने मागच्या बाजूचा फोटो काढून मिशिगनला पाठवला.

आठ दिवसांनी बुवांचं एका ओळीचं उत्तर आलं. आभार नव्हते, की बाकी काही नव्हतं. फक्त विचारलं होतं, "सकाळी कुरकुरते का अजून?"

कुरकुरते, असं आम्ही ताबडतोब कळवलं.