आबांचा हात, माझं कोपर

अंधपणाविषयी लिहायचं म्हटलं की, 'डोळे मिटा आणि दोन मिनिटं घरात चालून बघा' असं सांगायची पद्धत आहे. मी तसं सांगणार नाही. दोन मिनिटांत फक्त भीती कळते. नजर गेलेला माणूस पुढे काय काय शिकतो, ते काही त्यात कळत नाही. मला ते कळलं आमच्या आबांमुळे, आणि तेही आधी सगळं चुकीचं करून!

आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळ. २०१४ साली मी सहावीत होतो. तेव्हा आबा चालता चालता दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, शेजारी उभा असलेला माणूस त्यांना दिसायचा नाही. समोरचं मात्र स्वच्छ दिसायचं. आम्ही सगळे म्हणायचो, मोतीबिंदू असेल, कापूस विकला की ऑपरेशन करून टाकू. पण निघाला काचबिंदू! नावं सारखी, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक बरं का. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धुरकट होतं, ते बदललं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आधी बाजूचं दिसणं जातं. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने फक्त उरलेली राखता येते. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर बाकीच्यांनीही डोळे तपासून घ्यायला हवेत. हे वाक्य आई-बाबांना वाचून दाखवा.

एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आता उपाय नाही. घरी न्या." डोळ्यांपुरतं ते खरंच होतं. पण घरी नेऊन करायचं काय, हे कुणीच सांगितलं नाही.

मग आम्ही आमच्या अकलेने सुरुवात केली. आजी घास भरवू लागली. आबांनी उठायचं म्हटलं की चार जण धावायचे. त्यांना बाहेर न्यायचं काम माझ्याकडे. मी त्यांचं मनगट धरायचो आणि भराभरा पुढे चालायचो. एकदा ते रस्त्यातच थांबले. "पोट्ट्या, मले गोऱ्ह्यावानी ओढू नको!" त्यानंतर बरेच दिवस ते बाहेर पडलेच नाहीत. भजनातली मंडळी समजूत घालायला येत. आपल्या विदर्भातल्या प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांचं (१८८१ ते १९१५) उदाहरण देत. दृष्टी नसताना त्यांनी केवढी ग्रंथरचना केली! आबा एकदा चिडूनच म्हणाले, "महाराजाची नजर तान्हेपणी गेली. माही साठीत गेली. मले तं आधी पाहाची सवय मोडा लागन!"

मला तेव्हा तो नुसता राग वाटला होता. त्यातला अर्थ कळायला एक पेटीमास्तर यावे लागले. बाबांच्या ओळखीचे, वणीत पेटी शिकवायचे, आणि स्वतः अंध. ते आले ते एस.टी.ने, एकटे. कोळशाच्या ट्रकांचा तो रस्ता ओलांडून! आबांचा पहिला प्रश्न हाच, "एकटाच आला का गा तू?" महिनाभरात आबा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाबद्दल काही विचारत होते.

मास्तरांनी आधी मला समोर उभं केलं. म्हणाले, "तू त्यांना धरायचं नाहीस. त्यांनी तुला धरायचं." आबांचा हात माझ्या कोपराच्या जरा वर ठेवला. मी अर्धं पाऊल पुढे, आबा मागे. मी वळलो की त्यांना माझ्या हातावरून आपोआप कळायचं. पायरी आली की क्षणभर थांबायचं आणि 'वर' की 'खाली' ते सांगायचं. बस, एवढंच! मग घरातल्यांची पाळी. दार एक तर पूर्ण उघडं ठेवायचं किंवा पूर्ण बंद, अर्धवट नको. दप्तर वाटेत टाकायचं नाही. (ते माझंच असायचं.) खोलीत आलो की नाव सांगायचं, आणि जातानाही सांगायचं. नाही तर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो.

आजीला वाटलं, आपल्याला काही तरी अवघड शिकवणार. मास्तर म्हणाले, "आजी, पंगतीत पान वाढता तसंच रोज वाढा. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. जागा बदलायची नाही." त्या दिवशी आबा आपल्या हाताने जेवले. आजी पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली, आणि जाताना 'मी आत जाते' हे सांगायला विसरली नाही.

पुढच्या खेपेला पांढरी काठी आली. ही काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंच असते. उजवं पाऊल पुढे तेव्हा टोक डावीकडे, डावं पुढे तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल पडायच्या आधी काठी तिथे पोचलेली असते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी ही रीत बसवली. मोठेपणी नजर गेलेल्यांसाठीच! ब्रेल मात्र आबांना जमली नाही. नांगर धरून घट्टे पडलेल्या बोटांना ते बारीक ठिपके लागतच नव्हते. मास्तरांनीही हट्ट धरला नाही.

आपल्या भागात अंध मुलांसाठी शाळा आहेत. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात आहे, अमरावतीला डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे, नागपूरलाही आहे. पण साठीतल्या शेतकऱ्याने कोणत्या वर्गात बसायचं? त्याच्यासाठी शिकवणाऱ्यालाच घरी यावं लागतं. १९५२ साली मुंबईत सुरू झालेली 'नॅब' ही संस्था खेड्यापाड्यांत असे कार्यकर्ते पाठवत आली आहे. आमच्या नशिबाने आम्हाला मास्तर मिळाले. सगळ्यांना कुठे मिळतात!

कागदपत्रांची कथा लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी शंभरेक किलोमीटरवर यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात चकरा झाल्या. पण त्या कागदावर एस.टी.च्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. ग्रामपंचायतीलाही आपल्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. हे मात्र आपणच जाऊन विचारावं लागतं!

आबा नोटा लांबीवरून ओळखायला शिकले. तोच नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि हळूहळू सगळ्याच नोटांचे आकार बदलले. आता १०० ची नोट १४२ मिलिमीटर आणि २०० ची १४६. पट्टीने मोजून बघा, आणि मग हा चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखून दाखवा! आबा १०० ची एक घडी घालत, २०० ची दोन घड्या.

२०१७ चा पावसाळा आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. कितीतरी जणांची नजर अंधुक झाली. आमच्या गल्लीतला एक मजूर दवाखान्यातून परतला, तोही तसाच. हळूहळू सुधारेल, असं त्याला सांगितलं होतं. तोवर तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

आबा म्हणाले, "चाल, त्याच्या घरी."

आम्ही गेलो तेव्हा त्याची बायको त्याला भरवत होती. आबांनी ताट त्याच्या पुढ्यात ठेवायला लावलं. "डावीकडे हात घाल. काय लागते?" बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग पुटपुटला, "चटणी."

त्याचा मुलगा दारात उभा होता, माझ्याहून लहान. निघताना आबांनी त्याला जवळ बोलावलं, आणि माझं कोपर कसं धरायचं ते त्याला दाखवलं.