गाळलेले अक्षर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय निघेल याचा नेम नाही. यंदा जुन्या समईबरोबर माझा मोडेम खाली आला. "हा भंगारात द्यायचा ना?" पत्नीने विचारले. मी "हो" म्हटले आणि तो पुसत बसलो.

मॅट्रिक झालेला मी २००० साली पुलगावला एका एसटीडी बूथवर कामाला होतो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सर्वांना खुले केले. आमच्या बूथवर ते पाच वर्षांनी, एका जुन्या संगणकासोबत आले. मोडेम म्हणजे दुभाष्याच. संगणकाच्या शून्य-एकाचा आवाज करून तो टेलिफोनच्या तारेवर सोडी आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करी.

फोन लागला की पलीकडचा संगणक आधी नाव विचारी, मग परवलीचा शब्द. ही उत्तरे आपोआप जावीत म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिलेली असे: अमुक शब्द आला की तमुक उत्तर दे. आमची स्क्रिप्ट 'लॉगिन' या इंग्रजी शब्दाची वाट पाही, आणि पाहतच राही. मोडेम किंचाळे, खरखरे, गप्प होई. थोड्या वेळाने फोन तुटे. मीटर तेवढा पळे. मालक काका म्हणत, "बाप्पा, बोंबलते लय, पन काम काई करत नाई!"

आठ दिवस मी तारा बदलल्या, वेग कमी करून पाहिला. शेवटी पडद्यावर पलीकडचे अक्षर न् अक्षर उमटवून पाहिले. शब्द येत होता! फक्त त्याचा पहिला 'एल' थोरल्या लिपीतला होता आणि आमच्या स्क्रिप्टमधला धाकट्या. यंत्राला ते दोन निराळे. एका जाणत्या माणसाने फोनवर उपाय सांगितला, "तो एल गाळूनच टाका. उरलेल्या चार अक्षरांची वाट पाहा." तसे केले आणि जोडणी झाली.

आज मी मास्तर आहे. गेल्या जुलैत वर्गात एका पोराने हात वर केला, "गुरुजी, मले येते!" मी म्हणालो, "मले नव्हे, मला म्हण." वर्ग हसला. पोरगा खाली बसला. त्यानंतर त्याचा हात वर आला नाही. सहामाहीच्या प्रगतिपत्रकावर मी त्याच्या नावापुढे लिहिले, 'उत्तर देत नाही.'

याच वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि मुलांना मातृभाषेतून शिकवावे असा ठराव झाला. हे मी दरवर्षी भाषणात सांगतो. माझी आईही घरी 'मले'च म्हणते. पण वर्गात माझ्या कानांना पहिल्यापासून शेवटपर्यंत नेमकी अक्षरे हवी असतात.

प्रगतिपत्रके अजून माझ्याच पिशवीत आहेत. ती ओळ आज खोडली. पत्नीने पुन्हा विचारले, "देऊ ना मग हा भंगारात?"

"राहू दे," मी म्हटले. "सुटी संपली की वर्गात नेतो. 'मले पाहू द्या' म्हणणारा एक जण आहे तिथे."