घरचें विद्यावेतन

गेल्या महिन्यांत एका पत्रानें आमच्या घरांतील सर्वांचीच झोप उडविली. आमची पुतणी यंत्रविद्येची पदवी घेऊन दोन वर्षें एका कंपनींत चांगल्या पगारावर आहे. तिला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंत संगणकीय विज्ञानांतील डॉक्टरेटसाठीं प्रवेश मिळाल्याचें तें पत्र होतें. दादा, म्हणजे तिचे वडील, एवढेंच म्हणाले, "हातची नोकरी सोडून पुन्हां पांच वर्षें विद्यार्थी व्हावयाचें?"

मातुःश्रींनीं मात्र निराळाच प्रश्न केला, "पण त्यांत करतात तरी काय?"

"आजी, तूं ठिपक्यांची रांगोळी काढतेस ना, तसेंच. वारा किंवा धमनींतील रक्त कसें वाहील, याचीं समीकरणें कागदावर बहुधा सुटत नाहींत. मग त्या सबंध जागेवर लाखों ठिपके मांडावयाचे आणि प्रत्येकाचा हिशेब त्याच्या शेजाऱ्यांवरून करावयाचा. ठिपके जितके दाट, तितकें चित्र खरें. पण गणितही तितकेंच अवाढव्य."

पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक घडविला, तो अशाच गणितांसाठीं. बंगळुरूच्या संस्थेंत २०२२ सालीं 'परम प्रवेग' बसविण्यांत आला.

संशोधन म्हणजे घरचें खाऊन करावयाचा उद्योग, असा आमच्या पिढीचा समज आहे. तो आतां खरा नाहीं. कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ति जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली व वरिष्ठाची ४२,०००. २०१८ सालीं जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन छात्रवृत्तींत दरमहा ७०,००० पासून ८०,००० पर्यंत रक्कम ठेवण्यांत आली. जर्मनींत असा संशोधक पुष्कळदां विद्यापीठाचा पगारी नोकरच असतो. अमेरिकेंत शिकविण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल बहुधा फी माफ होऊन वर वेतन मिळतें. मात्र वेतन किती, याआधीं तें किती वर्षें चालेल आणि मार्गदर्शक कोण, हें पाहावें.

मग अडचण पैशाची नव्हतीच. पंचवीस वर्षांपूर्वीं असेंच एक पत्र आम्हांसही आलें होतें. घरची ओढाताण पाहून आम्हीं तें मुकाट्यानें परत केलें. 'नको' असें कोणी म्हटलें नव्हतें. पण 'जा' असेंही कोणी म्हटलें नाहीं. ही गोष्ट त्या रात्रीं आम्ही प्रथमच दादांपुढें बोललों.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं मातुःश्री नातीला म्हणाल्या, "तुझे पणजोबा याच पुण्यांत सात घरीं वार लावून शिकले. या शिक्षणाचा उपयोग काय, असें त्या घरांनीं त्यांना विचारलें नाहीं. तुझा वार तर सरकार चालवितें आहे. आम्हीं निदान 'केव्हां संपणार?' असें दर दिवाळीला विचारूं नये."

वेतन संस्था देईल. धीर मात्र घरानेंच द्यावयाचा असतो. दादा त्यावर कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं बंगळुरूच्या गाडीचें वेळापत्रक तेच पाहत बसले होते.